पडद्यावरचा ख्रिस्ती आणि वसईचा ख्रिस्ती

श्रोतेहो, हिंदी बोलपटातला ख्रिस्ती माणूस ओळखायला तुम्हांआम्हांला वेळ लागत नाही. गळ्यात क्रूस, हातात बाटली आणि तोंडी मोडकी हिंदी. ‘बॉबी’मधला (१९७३) प्रेमनाथांचा ब्रगांझा घ्या, की ‘अमर अकबर अँथनी’तला (१९७७) दारूचा गुत्ता चालवणारा अँथनी घ्या, माणसं प्रेमळ खरी, पण साचा एकच. गंमत पाहा, अँथनी गोन्साल्विस हे नाव ज्यांच्यावरून घेतलं, ते गोव्याचे व्यासंगी संगीतज्ञ, प्यारेलाल यांचे गुरू!

आता वसईला उतरून नंदाखालकडे चला. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा वाडीचा : केळी, फुलं, पानवेल. घरात सामवेदी बोली, देवळात मराठी प्रार्थना. म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लाल लुगडं. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्यं बदलली, पण या लोकांनी माती सोडली नाही आणि भाषाही नाही. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध केला. हा दोष सिनेमाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण शेजाऱ्याची ओळख ज्याला पडद्यावरूनच झाली, त्याला मराठी लिहिणारा फादर परकाच वाटणार, नाही का?

खरं चित्रण जमतं, बरं का. बासू चटर्जींच्या ‘बातों बातों में’त (१९७९) लोकल गाडीनं कामावर जाणारी साधी माणसं आहेत, मुलीच्या लग्नाच्या काळजीत पडलेली आई आहे. सईद मिर्झांच्या अल्बर्ट पिंटोचा (१९८०) बाप गिरणी कामगार. ती भूमिका आपल्या अरविंद देशपांड्यांची. अमेरिकेतही दक्षिणेकडच्या कडव्या प्रवचनकाराला बहुधा भोंदू तरी ठरवतात नाहीतर खुळा. रॉबर्ट ड्युव्हल या नटानं पदरचे पैसे घालून ‘द अपॉसल’ (१९९७) काढला. त्याचा प्रवचनकार रागाच्या भरात माणूस मारून पळतो, तरी त्याची श्रद्धा ढोंगी नाही. ड्युव्हल त्याचा गुन्हा लपवत नाही, की भक्तीची टिंगल करत नाही. मला हीच कसोटी योग्य वाटते.

वसईत कथेला तोटा नाही. याच दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली, वाड्या आणि विहिरींचं पाणी वाचवण्यासाठी, सर्व धर्मांच्या गावकऱ्यांना रस्त्यावर आणलं होतं. शिक्षकमित्रांनो, वर्गात सिनेमाचा विषय निघालाच, तर ही हकिगत मुलांना जरूर सांगा.