गोळ्या फुकट मिळतात, तरी माणूस का खंगतो?

(विठ्ठलवाडी येथे गटांच्या बैठकीत झालेले भाषण)



आज एचआयव्हीबद्दल बोलायचं आहे. "त्यावर आता गोळ्या निघाल्यात, विषय संपला," असं बऱ्याच जणी म्हणतात. गोळ्या आहेत हे खरं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रात त्या मोफत मिळू लागल्या. २०१७ पासून तर एचआयव्ही निघाला की लगेच औषध सुरू करतात, मग सीडी-४ कितीही असो.

सीडी-४ म्हणजे रक्तातल्या राखणदार पेशी. मोठ्या माणसात त्या २०० च्या खाली गेल्या की आजार खूप पुढे गेला असं धरतात. मग टीबी, मेंदूज्वर गाठतात. एचआयव्ही असलेल्यांचे सर्वांत जास्त जीव टीबी घेतो. आजही काही जण याच अवस्थेत दवाखान्यात पोचतात.

असं का होतं? काही जण तपासणीच उशिरा करतात. आणि बरेच जण असे, की औषध सुरू होतं पण मधेच सुटलं. बरं वाटलं म्हणून सोडलं. रोज बुडतो म्हणून केंद्रावर गेले नाहीत. सासरी कळेल म्हणून गोळ्या लपवल्या आणि वेळ चुकत गेली. गोळी थांबली की विषाणू पुन्हा वाढतो.

ज्यांची गोळी सुटली आहे त्यांनी घरातल्या जुन्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. आधी केंद्रावर जा. तिथे टीबी आहे का ते बघून औषध कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. एचआयव्ही असताना खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, यातलं एकही दिसलं तर थांबू नका. डोकं सतत दुखत असेल तर त्याच दिवशी जा.

२०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही. माहितीसाठी १०९७ हा फोन मोफत आहे.

आता आपल्या गटाचं काम. कुणी दवाखान्यासाठी कर्ज मागितलं तर "कसला आजार?" असं चारचौघीत विचारू नका. वहीत "औषधोपचार" एवढं लिहिलं तरी पुरे. औषध सोडलेली बाई परत निघाली तर तिला बोल लावू नका, सोबत जा. दहा जणींच्या नजरेला भिऊन ती पुन्हा घरी बसली, तर फुकटची गोळी तिच्या काय कामाची?