ड्रॅगनच्या नख्या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विहाराला दान आलेल्या पितळी धूपदाणीवर चिनी ड्रॅगन कोरलेला आहे. तो राक्षस, विहारात नको, असे काहींचे म्हणणे पडले. म्हणून मंडळाने आम्हाला या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही गिरणी कामगार, पंडित नव्हे. पण वाचलेले सांगतो.

'ड्रॅगन' हे नाव युरोपियनांचे. त्यांच्या कथांत तो आग ओकणारा दुष्ट, संताने भाल्याने मारायचा. चिनी माणूस त्याला 'लोंग' म्हणतो, आणि त्याचा लोंग पाऊस देतो. शिंगे हरणाची, मान सापाची, खवले माशाचे, पंजे वाघाचे, नख्या गरुडाच्या, कान बैलाचे! नद्या, विहिरी, ढग यांचा तो धनी. पाऊस ओढ देई तेव्हा शेतकरी त्यालाच साकडे घालीत. त्याच्या अंगाभोवती ज्या वळ्या कोरतात तो धूर नाही, ते ढग. खाली लाटा. तोंडासमोर ज्वाळांनी वेढलेला मणी. कुणी त्याला चंद्र म्हणतात, कुणी ढगांचा गडगडाट, बौद्ध मंडळी चिंतामणी.

धम्म चीनमध्ये गेला तेव्हा तिथल्या भाषांतरकारांनी 'नाग' या आपल्या शब्दासाठी हाच 'लोंग' घेतला. वादळात बुद्धांवर फणा धरणारा मुचलिंद तिकडे लोंगराजा झाला. बाळ सिद्धार्थाला स्नान घालणारे आपल्याकडे नंद आणि उपनंद असे दोन नाग, चीनमध्ये नऊ लोंग. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडले ते सांगताना नागलोकांनी धम्म पसरवला असे म्हटले. ते नाग म्हणजे हाडामांसाची माणसे, ही गल्लत कुणी करू नये. पण लोंगाला राक्षस म्हणून विहाराबाहेर काढावे, असे त्याच्यात काही नाही. हे आमचे मत.

आमची तक्रार वेगळीच आहे. पावसाचा हा प्राणी शेतकऱ्याचा, तो बादशहाने उचलला. १३१४ साली, मंगोलांच्या युआन राजवटीत, नियम निघाले. चहा-दारूची भांडी कुणी कशाची वापरावी ते दर्जावर ठरले. वरच्या तीन दर्जांच्या अधिकाऱ्यांना सोने आणि जेड चालेल, सहाव्यापासून खाली प्याल्याला नुसता सोन्याचा मुलामा, बाकी चांदी. पण भांड्यावर कोरलेला लोंग मात्र वरच्या अधिकाऱ्यालाही नाही. लोंग कशाला म्हणायचे तेही लिहून ठेवले : पाच नख्या, दोन शिंगे.

पुढे मिंग राजवटीत पाच नख्यांचा तो लोंग, आणि चार नख्यांचा असेल तर त्याचे नाव अजगर! अंग तेच, खवले तेच, एक नखी कमी केली की जात बदलली. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. छिंग राजवटीत तर बादशहाने पाच नख्यांचे वस्त्र बक्षीस दिले तरी अधिकाऱ्याला त्यातली एक नखी उसवावी लागे. कापडावरची नखी उसवता येते हो, चांदीवरची कशी उसवणार?

कारण ते काम असे : पत्र्याखाली राळेचा आधार द्यायचा, छिन्नीने आणि बारीक ठशांनी ठोकत जायचे. एकेक खवला म्हणजे एकेक ठोका. तांग राजवटीतल्या चांदीच्या भांड्यांवर नक्षीमधली मोकळी जागासुद्धा बारीक गोल ठशांनी भरलेली दिसते. गिरणीत छपाईच्या तांब्याच्या रुळांवरचे खोदकाम आम्ही पाहिले आहे. रुळावर एक रेघ चुकली की ती प्रत्येक वारात उमटते. त्यामुळे त्या हातांची किंमत आम्हाला कळते. पाचवी नखी ज्याने कोरली, ती त्याच्या स्वतःच्या भांड्यावर चालत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात कँटन, हाँगकाँग, शांघायचे कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी चांदीचे मग, चहादाण्या घडवू लागले. भांड्याला विळखा घातलेला लोंग, कधी कानच लोंगाचा. घेणाऱ्या साहेबाला ढग-पाऊस ठाऊक नसे. पण चिनी माणसाला जे निषिद्ध होते त्यातून साहेब खुशाल चहा पीत होता.

फेब्रुवारी १९१२ मध्ये शेवटच्या बादशहाने, म्हणजे सहा वर्षांच्या एका पोराने, गादी सोडली. तेव्हापासून नख्या मोजणारा कुणी उरला नाही. आपल्या धूपदाणीवर प्रत्येक पंजाला पाच आहेत. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी कार्यक्रमानंतर पुढे यावे, आणि राख रोज काढावी, ती खोदकामात बसते.