रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास आणि यंत्राची बुद्धी



शरीरात शिरलेला रोगजंतू परका आहे हे शरीर कसे ओळखते, हा वैद्यकशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. रक्तातील टी-पेशी या कामी प्रमुख असल्या, तरी पेशीत दडलेला विषाणू त्यांना प्रत्यक्ष दिसत नाही. पेशीच्या आत प्रथिनांचे सतत विघटन होत असते आणि त्यांचे लहान तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट रेणूंवर मांडले जातात. माणसातील या रेणूंना एच. एल. ए. असे नाव आहे. टी-पेशी तुकडा आणि त्याला धारण करणारा रेणू या दोहोंची एकत्रित पारख करते. उंदरांवरील प्रयोगांतून हे तत्त्व रॉल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी १९७३-७४ च्या सुमारास कॅनबेरा येथे दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथेच गणिताची अडचण उभी राहते. पुष्कळदा हे तुकडे ९ ॲमिनो आम्लांचे असतात. २० प्रकारच्या ॲमिनो आम्लांपासून असे ५१,२०० कोटी निरनिराळे तुकडे संभवतात. शिवाय एच. एल. ए. रेणूंचे हजारो प्रकार मानवजातीत आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्यास आईवडिलांकडून त्यांतील मोजकेच येतात. कोणता तुकडा कोणत्या रेणूवर बसेल, हे प्रत्येक वेळी प्रयोगशाळेत तपासणे अशक्य आहे. यास्तव संगणकाचे साहाय्य घेण्यात आले. ज्ञात उदाहरणे दाखवून त्यांतील नियम यंत्रालाच शोधावयास लावण्याची ही पद्धती आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली या कामासाठी प्रसिद्ध केलेली कृत्रिम मज्जाजालाची रीत पुढे जगभर वापरात आली.

हा केवळ बुद्धीचा व्यायाम नव्हे. २०१७ साली अमेरिकेतील व जर्मनीतील दोन पथकांनी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या अनुक्रमे ६ व १३ रुग्णांना, प्रत्येकाच्या गाठीतील जनुकीय बदल पाहून, स्वतंत्र लस तयार करून दिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. लशीत कोणते तुकडे घ्यावयाचे, हे ठरविताना संगणकाच्या अंदाजांचा आधार घेण्यात आला होता. अंदाज चुकल्यास रुग्णाचा मोलाचा काळ वाया जातो, हे उघड आहे.

डॉक्टरेटनंतरचे संशोधन करणारे अनेक तरुण शास्त्रज्ञ आज हे काम पुढे नेत आहेत. त्यांचा दिवस यंत्राकडून उत्तरे मिळविण्यात जात असेल, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्यांचे बरेच श्रम यंत्राची परीक्षा घेण्यात खर्ची पडतात. शिकविताना दाखविलेलीच उदाहरणे परीक्षेत आली, तर यंत्र घोकलेले उत्तर देते आणि गुण भरघोस मिळतात. ज्ञान मात्र वाढत नाही. दुसरी अडचण नकारांची. अमुक तुकडा बसत नाही, ही माहितीही यंत्रास आवश्यक असते. परंतु प्रसिद्धी बहुधा यशस्वी प्रयोगांनाच मिळते. तुकडा रेणूवर बसेल काय, याचा अंदाज आता बराच विश्वसनीय झाला आहे. पूर्वी न पाहिलेल्या तुकड्यास कोणती टी-पेशी ओळखील, हे सांगताना मात्र यंत्र अद्याप अडखळते. यंत्राचे उत्तर ही सूचना समजावी, निर्णय प्रयोगशाळेचाच.

तिसरी मर्यादा भारताच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. सर्वाधिक अभ्यास झालेला ए-०२:०१ हा प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत विपुल आढळतो. भारतीयांत त्याच गटातील ए-०२:११ हा उपप्रकार लक्षणीय प्रमाणात दिसतो. जवळच्या प्रकारावरून काही अनुमान बांधता येते, हे खरे; तथापि प्रत्यक्ष मोजमापाची जागा अनुमानाने भरून निघत नाही. ज्या समाजांचे नमुने यंत्रासमोर आले नाहीत, त्यांच्या रुग्णांबाबत ते कमी भरवशाचे ठरते, आणि उत्तर मात्र तितक्याच निःशंकपणे देते.

हा उणेपणा अधिक वेगवान संगणक आणून दूर होणारा नाही. दात्याची समजून-उमजून दिलेली संमती, त्याच्या नावाची गुप्तता, नमुन्यांची काटेकोर नोंद आणि फसलेल्या प्रयोगांचीही प्रामाणिक प्रसिद्धी, या गोष्टींना येथे पर्याय नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास संख्याशास्त्र आणि गणिताच्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळेची शिस्त शिकविणे, हे विद्यापीठांचे काम आहे. रुग्णालयातील साध्या नोंदवहीपासून ज्या संशोधनाचा आरंभ होतो, त्यात ती वही भरणाऱ्या कर्मचाऱ्याचाही वाटा शास्त्रज्ञाइतकाच महत्त्वाचा मानावयास हवा.