कंपवात, मनाची घालमेल आणि औषधांचा विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



ज्या पिढीने ही संस्था उभी केली, ती आज उतारवयात आहे. त्या वयात अनेकांना गाठणाऱ्या एका व्याधीविषयी आज बोलावयाचे आहे. आयुर्वेदाने जिला कंपवात म्हटले आणि जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली जिचे सविस्तर वर्णन केले, ती ही व्याधी. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी यात घटत जातात. हाताचा कंप सर्वांना दिसतो. मनातील भीती मात्र दिसत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना चिंताविकार जडतो. डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाच्या गर्दीच्या पुलावर पाय जागीच खिळतात, छाती धडधडते आणि मग माणूस घराबाहेर पडणेच टाळतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, श्रद्धेची उणीव तर नव्हेच. तो व्याधीचाच एक भाग आहे.

आपल्याकडे असा विषय निघाला की ‘ठाण्याला पाठवा’ असे थट्टेने म्हणतात. १९०१ पासून रुग्णसेवा करणाऱ्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे नाव असे थट्टेचे झाल्यामुळे घरोघरी चिंता लपविली जाते आणि शेजाऱ्याची झोपेची गोळी गुपचूप घेतली जाते. धोका तेथूनच सुरू होतो.

प्रथम घड्याळ पाहावे. लेव्होडोपाच्या गोळीचा प्रभाव ओसरताना काहींची घालमेल वाढते व पुढील गोळीने शमते. आठवडाभर गोळीची आणि घालमेलीची वेळ वहीत टिपून ती डॉक्टरांना दाखवावी. अशा वेळी नवे औषध देण्याऐवजी जुन्याच्या वेळा बदलूनही काम भागू शकते.

औषध लागलेच, तर विवेक हवा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी लवकर शांत वाटते. परंतु वृद्धांत गुंगी, तोल जाऊन पडणे, गोंधळ आणि सवय हे दोष संभवतात. अल्प्राझोलामसाठी तर २०१४ पासून औषधविक्रेत्यास स्वतंत्र नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. सर्ट्रालिन, एसिटालोप्राम यांसारख्या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. रुग्ण रासाजिलिन अथवा सेलेजिलिन घेत असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण हे मिश्रण क्वचित घातक ठरते. काही संयुक्त गोळ्यांत फ्लुपेन्टिक्सॉल किंवा ट्रायफ्लुओपेराझिन असते. ही द्रव्ये डोपामिनचे कार्य रोखून कंपवात वाढवितात. आम्लपित्तासाठी दिले जाणारे लेव्होसल्पिराइडही तसेच. म्हणून प्रत्येक डॉक्टरांसमोर सर्व गोळ्यांची यादी ठेवावी.

आता आपल्या आचाराशी निगडित मुद्दा. पर्युषणातील उपवासात किंवा चौविहारामुळे संध्याकाळनंतरची गोळी चुकते. लेव्होडोपा अचानक थांबल्यास शरीर ताठरते, घालमेल उसळते. क्वचित तीव्र ज्वर येऊन प्राणावर बेतते. दीर्घकाळ घेतलेली चिंतेची गोळी एकाएकी सोडल्यास झटकेही येऊ शकतात. म्हणून तपाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून वेळा ठरवाव्यात आणि साधू-साध्वीजींचे मार्गदर्शन घ्यावे. रोगपीडेत समाधी टिकावी यासाठी पच्चक्खाणाच्या पाठात आगार ठेवलेला आहेच. औषध घेतल्याने व्रत मोडले, हा अपराधभाव रुग्णाच्या माथी मारू नये.

सामायिक, स्वाध्याय, नियमित चालणे आणि समुपदेशन यांनी मनाला आधार मिळतो. मात्र त्यांनी औषधाची जागा परस्पर घेऊ नये. डॉ. भीमसेन सिंघल यांनी २००१ साली मुंबईत स्थापन केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ यांनी रुग्ण व कुटुंबीयांना एकत्र आणण्याचे मोलाचे कार्य केले आहे. तेथील अनुभव एकच शिकवितो : भीती बोलून दाखविली की ती हलकी होते.

घरातील वडिलांना आज एवढेच विचारावे, ‘‘तुम्हांला भीती वाटते का? आणि ती केव्हा वाटते?’’ उपचाराचा प्रारंभ त्या प्रश्नापासून होतो.

जय जिनेन्द्र!