नाव ठेवण्यापूर्वी



कोकणच्या किनाऱ्यावर आपल्यापैकी अनेकांनी शिंपल्या वेचल्या असतील. त्यांतल्या एखादीच्या पाठीवर पांढुरकी, बारीक जाळी चिकटलेली असते. चुन्याचा डाग समजून आपण ती नखाने खरवडतो. वस्तुतः ती एक वसाहत असते. तिच्यातील एकेक कप्पा म्हणजे एका प्राण्याचे घर. लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. या प्राण्यांना ब्रायोझोआ, म्हणजे शेवाळासारखे प्राणी, असे म्हणतात. पाण्यात असताना प्रत्येक जण दारातून तंतूंचे नरसाळे बाहेर काढतो आणि सूक्ष्म अन्न टिपतो. एका अळीने जागा धरली, की तिच्यापासून घराला घर फुटत जाते आणि पापुद्रा पसरतो.

आता समजा, असा एखादा अनोळखी पापुद्रा अभ्यासकाच्या हाती आला. तो नव्या जातीचा आहे, हे ठरवायचे कसे? प्रथम मांसल भाग काढून चुन्याचा सांगाडा स्वच्छ करतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. दाराचा आकार कसा आहे, भोवती काटे किती, पक्ष्याच्या चोचीसारखे जबडे आहेत की नाहीत, अंडी सांभाळणारी घुमटाकार कोठडी आहे काय, हे सारे पाहतात. एका घराच्या मापावर भागत नाही. अनेक घरे मोजावी लागतात, कारण एकाच वसाहतीत शेजारी-शेजारीही फरक असतो.

मग खरे काम सुरू होते. पूर्वी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी तुलना करायची. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ १७५८ पासून धरतात. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांचे दप्तर चाळणे आले! शेवटी ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा. नाव त्याच्याशी कायमचे बांधलेले असते. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानेही नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत ठेवणे आवश्यक केले आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा जाळीसाठी हा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर वॉटर्सिपोरा या वंशाने दिले आहे. जहाजाच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून तांब्याचा अंश असलेला रंग लावतात. वॉटर्सिपोराच्या काही जाती त्या रंगालाही जुमानत नाहीत. उलट त्यांच्या पापुद्र्यावर इतर जीवांना आसरा मिळतो. जहाजांबरोबर त्या बंदरोबंदरी पसरल्या. त्यांतल्या एका उपद्रवी पापुद्र्याला अनेक ठिकाणचे अभ्यासक ‘सबटॉर्क्वाटा’ म्हणत असत. हे नाव दोर्बिन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरो येथील नमुन्यांना दिले होते. २०१४ मध्ये व्हिएरा, स्पेन्सर जोन्स आणि टेलर या तिघांनी जुने मूळ नमुने पुन्हा तपासले. तेव्हा असे दिसून आले, की अनेक बंदरांतील पापुद्रा तो नव्हेच! तो ऑर्टमानने १८९० मध्ये जपानमधून वर्णन केलेला ‘सबआत्रा’ होता.

म्हणजे पाहुणा एक आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर! तो कोठून आला, कोणत्या वाटेने आला, हे शोधणाऱ्यांच्या हाती चुकीचा पत्ता होता. तो पत्ता सुधारला कोणी? संग्रहालयाच्या खणात शतकाहून अधिक काळ पडून राहिलेल्या बोटभर तुकड्यांनी. ते कोणी टाकून दिले असते, तर हा निवाडा करणार कसा?

म्हणून नवी जात सापडली, यापेक्षा तिचे वर्णन झाले, याला अधिक मोल आहे. सापडणे हे दैवाचे काम. वर्णन हे जबाबदारीचे. ‘माझे चुकले असेल, तर हा पुरावा, तपासून पाहा,’ असे शंभर वर्षांनंतरच्या अनोळखी माणसाला दिलेले ते वचन असते.

मराठीत नाव ठेवणे याचे दोन अर्थ आहेत, हे आपण जाणताच. दोन्ही अर्थांनी नाव ठेवण्यापूर्वी नीट पाहावे, एवढेच या चिमुकल्या प्राण्याच्या वतीने सांगून मी आपली रजा घेतो.