शिंपल्यातला पेट्रोल पंप

मी चितेगावहून बोलतोय. आजची गोष्ट एका पेट्रोल पंपाची आहे, पण सुरुवात करतो आमच्या पंक्चरच्या दुकानापासून.

संभाजीनगरहून पैठणकडे निघालात की पंक्चरवाल्याची खूण एकच. काठीला टांगलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात 'पंक्चर'. वाचता येत नसेल त्यालाही लांबून कळतं. आमचाही असा एक टायर होता. दुकान रस्त्यापासून मागे सरकवायची वेळ आली, तेव्हा अण्णा म्हणाले, "दे टाकून भंगारात." मी म्हटलं, "थांबा अण्णा." का थांबवलं, ते सांगतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात विन्स्टन-सालेम नावाचं शहर आहे. १९३०च्या सुमारास तिथल्या क्वालिटी ऑइल कंपनीला शेलचं पेट्रोल खपवायचं होतं. शेल म्हणजे शिंपला. आता नवीन ब्रँड लोकांच्या नजरेत भरणार कसा? तर त्यांनी पंपाची अख्खी इमारतच शिंपल्यासारखी बांधली! ओलं लाकूड वाकवून आणि तार बांधून सांगाडा केला, वरून सिमेंटचा गिलावा. असे आठ पंप उभे राहिले. आज त्यातला एकच शिल्लक आहे.

तोसुद्धा सहज वाचलेला नाही. मे १९७६ मध्ये त्याचं नाव तिथल्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत लागलं. गंमत बघा, त्याच वर्षी जानेवारीत आपल्या सरकारनं बर्मा-शेल ताब्यात घेतली, आणि पुढे तिचीच भारत पेट्रोलियम झाली. पण यादीत नाव लागलं म्हणून पंपाला रंग द्यायला कुणी धावत आलं नाही. तिथे गवत कापायच्या मशीन दुरुस्त व्हायच्या. रंग उडाला, तडे गेले, काचा फुटल्या.

शेवटी नव्वदच्या दशकात प्रिझर्व्हेशन नॉर्थ कॅरोलायना ही संस्था पुढे आली. काम वर्षभर चाललं, खर्च आला ५० हजार डॉलर. आणि ऐका, त्यांनी थेट नवा रंग फासला नाही. आधी जुन्या रंगाचे थर काढले. खाली सापडला मूळचा पिवळा-केशरी रंग. मग दरवाजा दुरुस्त केला, काचा बसवल्या, गाड्या धुताना सावली देणारा लाकडी मांडवही परत उभारला.

मला यातलं एकच पटलं. आठ असताना एक गेला, तर कुणाला काय वाटणार? एकच उरतो तेव्हा आपण जागे होतो. आणि यादीत नाव लागलं तरी हातात पत्री घेऊन बसणारा माणूस लागतोच.

म्हणून मीही बसलो. टायरवरचा रंग हळूहळू खरवडला. तीन थर निघाले. सगळ्यात खाली 'हवा' एवढंच लिहिलेलं. अक्षर आजोबांचं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग काही न बोलता ब्रश आणला आणि त्याच अक्षरांवरून पांढरा रंग फिरवला, एक रेघ इकडची तिकडे न होऊ देता.

टायर आता नव्या जागी, दुकानापुढेच टांगलाय. गिऱ्हाईक येतंय.

तुमच्या रस्त्यावर असं काही असेल तर फोटो काढाच. पण त्यावर थांबू नका, मालकाशी दोन शब्द बोला. भंगारवाला यायच्या आधी. चला, भेटू पुढच्या भागात!