स्वागताध्यक्षीय भाषण : मोडलेल्या संसारानंतरची गोष्ट

संकट कोसळलेली बाई पुन्हा उभी राहते आणि तिच्याभोवती माणसांचा नवा गोतावळा जमतो, ही कथा-कादंबरीची वाचकप्रिय वाट मराठीत सहजासहजी रुळली नाही. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमू हुशार आहे, लिहिती-वाचती आहे. तरी वैधव्य येताच तिच्यापुढचे सगळे रस्ते बंद होतात. हा शेवट लेखकाच्या निराशेतून आलेला नाही. विधवेला राहायला जागा, हाताला काम आणि सुखदुःखाला चार माणसे देणारी सोय तेव्हाच्या समाजात जवळजवळ नव्हती. जी वाट गावात नाही, ती कादंबरीत दाखवली असती तर वाचकाला पटली नसती.

ती वाट पाडण्यात रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखच्या दोन बहिणींचा वाटा मोठा आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. या विवाहामुळे दापोली तालुक्यातील मुरुड गावाने कर्व्यांना वाळीत टाकले. पुढे 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. हिंगण्याला तो स्थिरावला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले विशीत विधवा झाल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्या शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवला आणि 1918 मध्ये अमेरिकेची वाट धरली; तिथे घरकाम करून पोट भरले. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ 1928 मध्ये आणि आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ 1944 मध्ये प्रसिद्ध झाले. एकीने पुनर्विवाह केला, दुसरीने केला नाही. पण दोघींचेही आयुष्य सावरले ते इतर बायकांच्या संगतीत, शिक्षणाने आणि कामाने.

कथात्म साहित्याने हा धागा पुढे नेला. काशीबाई कानिटकर यांनी ‘पालखीचा गोंडा’ (1928) या कादंबरीत स्त्रियांच्या हाती कारभार असलेले संस्थानच कल्पिले. कर्व्यांच्याच संस्थेत शिकलेल्या मालतीबाई बेडेकर यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह दिला आणि मोठे वादळ उठले. त्यातील स्त्रिया शिकलेल्या आहेत, काही कमावत्याही आहेत. त्यांचे दुखणे निराळे : पगार हाती आला, पण त्यांच्या एकटेपणाला समजून घेणारे माणूस आसपास नाही. आश्रमाने छप्पर दिले, शाळेने नोकरी दिली. सोबतीचा प्रश्न उरला.

स्वातंत्र्योत्तर काळात नायिका निराधार राहिली नाही, पण तिच्या अडचणी संपल्या नाहीत. कर्व्यांची नात गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’पासून पुढच्या लेखनात स्त्री स्वतःच्या जगण्याचा हिशेब स्वतः मांडते. सानिया यांच्या कथांमध्ये परक्या शहरात, नव्या घरात आयुष्याची मांडणी पुन्हा करणाऱ्या स्त्रिया भेटतात. इथे नवी सुरुवात लग्नाने होत नाही. बहुधा ती एखाद्या निर्णयाने होते.

त्या निर्णयामागे उभे राहणारे समूहही याच सुमारास तयार झाले. विद्या बाळ यांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने लिहित्या आणि वाचत्या बायकांना एकमेकींशी जोडले. 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. कविता महाजन यांची ‘ब्र’ (2005) ही कादंबरी या बदलाच्या पोटातून आली. संसार मोडलेली प्रफुल्ला स्वयंसेवी संस्थेच्या कामासाठी फिरते, गावोगावच्या महिला सरपंचांना भेटते आणि त्यांच्या लढायांमधून स्वतःलाही बोलायला शिकवते. कादंबरीत भ्रष्टाचार आहे, अपमान आहे, हार आहे. तरीही वाचकाला ती बळ देते, कारण तिच्यातील धीर फुकटचा नाही.

समूह म्हणजे आपोआप आधार, असे मात्र नाही. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (2003) या आत्मकथनात डोक्यावर ओझे घेऊन शहराच्या बाजाराला चालत येणाऱ्या दलित बायका आहेत. चालताना त्या एकमेकींची थट्टा करतात, दुःखही वाटून घेतात. त्याच वाटेवर जातीची शिवाशिवही आहे. पवार यांच्या ‘कवच’ या कथेतील आई आंबे विकते आणि गिऱ्हाइकांच्या चावट बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देते. लाज वाटते ती तिच्या मुलाला. या बायकांना घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य मिळवावे लागले नाही, पोटाने त्यांना आधीच बाहेर काढले होते. त्यांची नवी सुरुवात म्हणजे कष्टाला मान मिळणे.

या सव्वाशे वर्षांतून उभारीच्या कथेची कसोटी हाती येते. नायिका राहते कुठे, तिचा खर्च कोण भागवते आणि अडीअडचणीला तिच्या दारात कोण येते, या तीन प्रश्नांची उत्तरे कथेत असतील तर तिचा सुखान्त वाचकाला पटतो. उत्तरे नसतील तर तो केवळ दिलासा ठरतो. लेखिका, अभ्यासक, प्रकाशक आणि ग्रंथालयांचे कार्यकर्ते यांनी संमेलनाच्या सत्रांत नव्या लेखनाकडे या कसोटीने पाहावे, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे. देवरुखच्या बहिणींच्या आणि उर्मिला पवार यांच्या या जिल्ह्यात समिती सर्व निमंत्रितांचे आणि रसिकांचे मनःपूर्वक स्वागत करते.